पायरीच्या दगडामागची डबी

चर्चमध्ये येणारी माणसं तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठ वळली की शीबाई. हे दुसरं नाव तिच्या कानावर जात नाही असा सगळ्यांचा समज होता, पण तिचे कान शाबूत होते. नाव खोटं आहे असं म्हणायला मात्र तिला तोंड नव्हतं. सकाळी मोठ्या दरवाजाची कडी काढल्यापासून संध्याकाळी ती परत लावेपर्यंत 'शी!' हा शब्द तिच्या तोंडून जितक्या वेळा निघे, तितक्या वेळा फादरांच्या तोंडून 'आमेन' निघत नसे.

आणि का निघू नये? चर्च जुनं, नावाजलेलं, लांबलांबची माणसं बघायला येणार. रंगीत काचांकडे बघून माना मोडून घेणार, छताचे फोटो काढणार आणि जाताना चघळलेलं च्युइंगम बाकाखाली चिकटवून जाणार. मग शीबाई बोथट सुरी घेऊन बाकाखाली आडवी होई आणि एकेक गोळा खरवडून काढी. त्यावर कोणाच्या तरी दातांचे ठसे असत. दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या भांड्यात केस तरंगत, मेकअपचा तवंग असे, एकदा तर नखाचा तुकडा निघाला. कबुलीजबाबाच्या खोलीत लोक पापं सांगून हलके होत आणि नाक पुसलेले कागद तिथेच टाकून जात. क्रूसावरच्या येशूच्या पायांवर भक्तिभावाने ओठ टेकवत आणि लिपस्टिक ठेवून जात. ते पाय ओल्या फडक्याने पुसताना ती पुटपुटे, "तुझं काही खरं नाही बाबा." तिचं मत असं, की देवापुढे आलं की माणसाला वाटतं, आता आपली घाणही देवच उचलणार. देव काही उचलत नव्हता. शीबाई उचलत होती.

घरी मुलगा आणि सून. मुलगा औषधांच्या दुकानात कामाला, सून घरीच शिलाईमशीनवर बसे. सासूची चाहूल लागली की सून चहाचा धुतलेला कप पुन्हा एकदा विसळून घेई. "आई, तुम्ही झोपेतसुद्धा नाक मुरडता," ती म्हणे, आणि शीबाईला ते ऐकून बरंच वाटे. मुलगा मात्र सारखा मागे लागलेला. गुडघे गेले तुझे, आता पुरे, दुसरी बाई ठेवतील ते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन चर्चमध्ये हजर. लोकांना वाटे, केवढी भक्ती! फादर तर एकदा प्रवचनात तिचं उदाहरण देणार होते. तिने त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी तो बेत सोडून दिला.

चर्चची मागची भिंत म्हणजेच आवाराची हद्द. भिंतीपलीकडे गवत माजलेला एक अरुंद पट्टा, आणि मग गल्ली. तिथे, वेदीच्या बरोबर पाठीमागे, भिंतीला टेकवलेला एक जुना पायरीचा दगड होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. एका सकाळी शीबाई सुकलेली फुलं टाकायला तिकडे गेली, तर एक माणूस त्या दगडापाशी भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसलेला. आता भिंतीकडे तोंड करून बसलेला पुरुष म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार? तिने हातातली बादली त्याच्या पाठीवर रिकामी केली.

"लाज नाही वाटत? देवाची भिंत आहे ही!"

माणूस ताडकन उभा राहिला. कपडे जागच्या जागी होते, हातात फोन होता, आणि कॉलरमध्ये एक कोमेजलेलं फूल अडकलं होतं.

"मावशी, मी शोधत होतो."

"काय?"

"ते सांगता येत नाही."

"मग पोलिसांना सांग!"

तो पळाला. पण दोन दिवसांनी नवरा-बायको आले. मग तीन कॉलेजच्या मुली आल्या. मग एक अख्खं कुटुंब, लहान मुलांसकट. सगळ्यांची तऱ्हा एकच. फोनकडे बघत बघत मागच्या बाजूला यायचं, आपण काहीच बघत नाही असं दाखवत इकडे तिकडे फिरायचं, ती झाडू घेऊन उभी दिसली की आकाशाकडे बघत शीळ घालायची, आणि ती कोपऱ्यावरून वळली रे वळली की गवतात घुसायचं. गवत पार तुडवून टाकलं. कोणी बिस्किटाचा कागद टाकला, कोणी लहान मुलाच्या घाण भरलेल्या डायपरची गुंडाळी फुलांच्या ढिगात कोंबून ठेवली. ती तिने दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलली. ओरडायला कोणी समोर नव्हतं, म्हणून ती भिंतीवरच ओरडली.

शेवटी तिने फादरांना गाठलं. हे फादर तरुण, हसरे, झग्याखाली खेळाचे बूट घालून सायकलवर फिरणारे. ती वेदीवरचं पितळ घासत होती आणि ते मेणबत्त्या बदलत होते.

"अहो मावशी, तो खेळ आहे," फादर हसत म्हणाले. "जिओकॅश म्हणतात त्याला. कोणीतरी एक डबी लपवून ठेवतो आणि तिचा ठावठिकाणा फोनवर टाकतो. लोक शोधत येतात, डबीतल्या कागदावर नाव लिहितात आणि डबी होती तिथे ठेवून जातात."

"आणि मिळतं काय?"

"काही नाही. सापडल्याचा आनंद."

"देव सापडेना म्हणून डबी शोधायला लागले वाटतं."

फादरांना हे फारच आवडलं. "डबी ठेवणारे गृहस्थ भले आहेत हो. ते टोपी घालून येतात बघा, नकाशांच्या खात्यातून निवृत्त झालेले. रीतसर माझी परवानगी घेतली त्यांनी. आवारात नको म्हटलं, तिथे थडगी आहेत, कोणाच्या भावना दुखावतील. तर त्यांनीच जागा शोधली. मागच्या भिंतीला ती जुनी पायरी टेकवलेली आहे ना, तिच्यामागे पोकळी आहे. म्हणाले, तिथे कोणी फिरकतच नाही, तुमच्या मावशीसुद्धा तेवढाच भाग झाडत नाहीत."

पितळ घासणारा तिचा हात थांबला. फादरांच्या ते लक्षात आलं नाही.

एवढी चोख बाई, सगळं आवार लख्ख ठेवणारी, तो पट्टा झाडत नव्हती हे खरं होतं. मुद्दाम झाडत नव्हती. गवत वाढू दिलं, शेजारी सुकल्या फुलांचा ढीग घातला, की कोणाला तिकडे जावंसंच वाटू नये. पायरीच्या त्या दगडाखाली तिची पहिली मुलगी होती.

मुलगी पहाटे जन्मली आणि बाप्तिस्म्याचं पाणी कपाळाला लागायच्या आत गेली. तेव्हाचे फादर म्हातारे होते, वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के. पाणी न लागलेल्या जिवाला आशीर्वादाच्या जमिनीत जागा नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले. ते भरलेले डोळे आठवले की आजही शीबाईच्या डोक्यात तिडीक जाई. एवढं पाणी होतं तर मग अडलं कुठे? तिचा नवरा सुतार. त्याने स्वतःच्या हाताने पेटी केली आणि खड्डे खणणाऱ्या माणसाला सोबत घेऊन भिंतीच्या बाहेर, पण वेदीला जेवढं जवळ जाता येईल तेवढं जवळ, ती पुरली. वर क्रूस लावायचा नाही, अक्षर कोरायचं नाही, अशी तंबी होती. त्या सुमारास चर्चच्या पायऱ्या बदलत होते. त्यातली एक झिजलेली पायरी त्याने ओढत आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. खूण म्हणजे तेवढीच. पुढे शीबाईने चर्च झाडायचं काम धरलं ते त्या भिंतीपायी. आतून वेदीची पाठ पुसताना तिचा हात मुलीपासून एका भिंतीच्या अंतरावर असे. नवरा गेला, खड्डे खणणारा गेला, म्हातारे फादर गेले. जे माहीत होतं ते आता तिला एकटीलाच. मुलगा नंतरचा, त्यालाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, या नव्या फादरांना सांगून टाकायचं की. तेच तर तिला नको होतं. हे फादर नियमावर बोट ठेवणारे नव्हते, हे तिला ठाऊक होतं. ते लगेच तिचे दोन्ही हात हातात घेतील. रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेच्या वेळी, माइकवरून सांगतील. संगमरवराची पाटी बसेल, फीत कापली जाईल, बायका रुमाल काढतील. ज्या बायकांची लिपस्टिक ती येशूच्या पायांवरून पुसते, त्या येऊन तिच्या गालाला गाल लावतील आणि म्हणतील, किती सोसलंत हो! तिला दया नको होती. तो दगड कोणी हलवू नये आणि का हलवू नये हे आपल्याला कोणाला सांगावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

तिने सुनेला विचारलं, असा असा काही खेळ असतो का. सुनेने मशीन थांबवून फोनवर शोधलं आणि वाचायला लागली. डबी सापडलेल्यांनी तिथे आपापले अनुभव लिहिले होते.

"'छान जागा, मजा आली. डबीत रबरी बेडूक ठेवला, शिंपला घेतला.' 'दगडामागे हात घातला आणि गोम निघाली, बायकोची किंकाळी अख्ख्या गल्लीने ऐकली.' हे बघा आई, 'मुलांनी दगडावरून उड्या मारल्या, खूप खूश झाली, पुन्हा येणार.'"

"पुरे."

"तुम्हाला काय एवढं त्याचं?"

"मला साफ करावं लागतं," शीबाई म्हणाली आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागली. बराच वेळ धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने डबी काढली. हिरवी, प्लॅस्टिकची, जेवणाच्या डब्यात लोणचं न्यायची असते तेवढी. उघडून बघायची काही गरज नव्हती, पण उघडली. आत नावांची कागदी गुंडाळी, रबरी बेडूक, एक बटण, तुटलेली कानातली, गोळीचा चिकट कागद. बोटांना तो चिकटपणा लागला तशी तिने तोंड वाकडं केलं. एखादं नाव लिहावं आणि जावं, तर तेही नाही. बाजारातला कचरा आणून इथे ठेवायचा, दुसऱ्याचा कचरा घेऊन जायचा, आणि त्याला मौज म्हणायचं! तळाशी पातळ कागदात काहीतरी गुंडाळलेलं होतं. कोणाच्या तरी लेकराचा दुधाचा दात. आईबापांनी हौसेने ठेवला असणार. शीबाईने आयुष्यात लोकांचे केस, नखं, काय काय उचललं होतं, पण तो दात हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. तिला घाण वाटली नाही, राग आला. दात येईपर्यंत ज्यांची मुलं जगतात ती माणसं किती सहज टाकून देतात, असं तिच्या मनात आलं. मग तिने सगळं परत डबीत कोंबलं आणि डबी कचऱ्याच्या पिंपात, कुजक्या फुलांच्या खाली दाबून टाकली. आता शोधा म्हणावं.

आणि तिथेच ती चुकली. डबी नाही म्हटल्यावर येणारे येणं बंद करतील, असा तिचा सरळ हिशोब होता. पण या लोकांची खोड तिला कुठे ठाऊक होती? सापडत नाही म्हटल्यावर त्यांना आणखीच चेव आला. आधी दोन मिनिटांत हात घालून निघून जाणारे आता तासभर उकरत बसू लागले. भिंतीच्या सांध्यांतला चुना काड्यांनी टोकरला. फुलांचा ढीग उपसून गल्लीभर पसरला. रविवारी मिस्सा संपल्यावर ती मागे गेली तर पायरीचा दगड आडवा पडलेला, त्याच्या खालची जमीन उघडी, ओलसर, आणि तिच्यावर काठीने उकरल्याच्या रेघा. वर कोणाच्या तरी बुटाचा ठसा, टाचेपासून चवड्यापर्यंत स्पष्ट.

तिने दगड उचलायचा प्रयत्न केला, पण तो नवऱ्याच्या ताकदीचा दगड होता, तिच्या नव्हे. कसाबसा एका कडेने टेकवला. गुडघे चिखलाने माखले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण काढणार कोणावर? डबी तर तिनेच टाकली होती.

संध्याकाळी सुनेने स्वतःहूनच वाचून दाखवलं. "आई, तुमची डबी हरवली वाटतं. लिहिलंय बघा, 'सापडली नाही. दगड पाडून बघितला, जमीनही उकरली. मालकांनी लक्ष घालावं.' आणि मालकांनी उत्तर दिलंय, 'दिलगीर आहे. या आठवड्यात नवीन डबी ठेवतो, या वेळी पक्की.'"

त्या आठवड्यात शीबाईचं कामात लक्ष नव्हतं. पितळावर डाग राहिले. पवित्र पाण्यात एक माशी पडली होती, ती दुपारपर्यंत तशीच. वेदीची पाठ पुसायच्या निमित्ताने ती पुन्हा पुन्हा आत जाई आणि भिंतीला कान लावून उभी राही.

गुरुवारी भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज आला. गुडघे विसरून ती धावत वळसा घालून मागे गेली. टोपीवाले गवतात गुडघे टेकून बसले होते. खाली नीट घडी घातलेलं वर्तमानपत्र, शेजारी कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी नवीन डबी, आधीच्यापेक्षा मोठी. पायरी त्यांनी बाजूला सरकवली होती आणि हातातल्या खुरप्याने ते खड्डा खणत होते. माती एका बाजूला व्यवस्थित रचली होती. माणूस सगळंच टापटिपीने करणारा दिसत होता.

"या मावशी," ते टोपीला हात लावून म्हणाले. "घाबरू नका, फादरांची परवानगी आहे. आधीची कोणीतरी पळवली. आता थोडी खोल बसवतो, म्हणजे दगड हलवला तरी डबी जागची हलणार नाही."

"खणू नका."

"थोडंसंच खणतो. नंतर सगळं होतं तसं करून देतो, तुम्हाला झाडायलासुद्धा लागणार नाही."

"दुसरीकडे ठेवा ना. पुढे ठेवा. घंटेपाशी ठेवा, मी सांभाळते तुमची डबी."

"अहो, पण फोनवर टाकलेले ठिकाणाचे आकडे इथले आहेत. आणि जागा किती छान आहे! कोणाच्या अध्यात ना मध्यात." ते हसले आणि त्यांनी खुरपं खाली ठेवलं. खड्ड्यातली सुटी माती काढायला त्यांनी हात आत घातला, मनगटापर्यंत. "इथली जमीन तशी भुसभुशीतच आहे. आधी कोणीतरी खणलेली असावी."

इतकी वर्षं जे बोलायचं नाही म्हणून दात आवळून धरलं होतं, ते आता नाही बोललं तर हा माणूस पेटीपर्यंत पोचणार होता. फादरांना बोलवायला वेळ नव्हता. मुलाला नाही, सुनेला नाही, या कोणाच्या कोण माणसाला सांगावं लागतंय, याची तिला शिसारी आली.

"हात काढा," ती म्हणाली. "खाली माझी मुलगी आहे. तान्ही. पाणी लागायच्या आधी गेली म्हणून आत घेतली नाही. त्या दगडाखाली आहे ती."

टोपीवाल्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी हात झटक्यात बाहेर ओढला, इतक्या झटक्यात की तोल जाऊन ते मागे गवतात बसले.

"अरे देवा," ते म्हणाले. "माफ करा, माफ करा. मला खरंच कल्पना नव्हती."

आणि म्हणता म्हणता ते हात पुसत होते. आधी गवतावर पुसला, तळवा आणि पाठ दोन्हीकडून. मग खिशातून रुमाल काढून पुसला आणि तो रुमाल खिशात परत न घालता वर्तमानपत्रावर टाकून दिला. मग पिशवीतून जंतुनाशकाची लहान बाटली काढली, तळहातावर ओतली आणि चोळायला लागले. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. त्यांना स्वतःला ते कळतसुद्धा नव्हतं. तोंडाने माफीच मागत होते, आणि मागत होते ती अगदी मनापासून.

"मी आजच सगळ्यांना कळवतो, ही जागा बंद झाली म्हणून. कारण सांगणार नाही, शब्द देतो. कोणी येणार नाही आता इथे. मला माहीत असतं तर मी हातसुद्धा लावला नसता हो."

तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. दगड आता कोणी हलवणार नव्हतं. फादरांना कळणार नव्हतं, माइकवरून काही सांगितलं जाणार नव्हतं. पण शीबाई त्या हातांकडे बघत होती. असं चोळणं तिला चांगलं माहीत होतं. च्युइंगमचे गोळे काढल्यावर, नाकाचे कागद उचलल्यावर ती स्वतः मोरीपाशी असंच चोळत बसे. लोकांच्या घाणीची जेवढी किळस तिला जन्मभर वाटली होती, तेवढीच आता या भल्या माणसाच्या बोटांत तिला दिसत होती, आणि ती कशाची होती हेही दिसत होतं.

टोपीवाल्यांनी बाटलीतलं आणखी थोडं हातावर ओतलं.

"स्वच्छ होती हो ती," शीबाई म्हणाली. "मी स्वतः पुसून दिली होती."